रुसलेल्याचं ताट

ऑर्गनच्या मागे एक खोली होती. आपली म्हणायला खोली. एखादं कपाट जरा सुजलं तर जेवढं होईल तेवढीच. आत चामड्याचा एक भलामोठा भाता, त्याला जोडलेला लांब लाकडी दांडा, दोरीला टांगलेला शिशाचा गोळा आणि बाइंडरकाका. दांडा दाबला की भाता फुगायचा आणि गोळा खाली उतरायचा. गोळा वर सरकायला लागला की समजायचं, वारा संपत आला, दाबा पुन्हा. एवढंच काम. पण एवढंही झालं नाही तर पलीकडे बसलेल्या बाईंनी कितीही बोटं आपटावीत, ऑर्गनमधून हूं नाही की चूं नाही.

बाई म्हणजे काकांची बायको. आठवडाभर शाळेत पोरांना गाणं शिकवायच्या आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या. दोघांच्या मध्ये फळ्यांची भिंत. हे अलीकडे वारा द्यायचे, त्या पलीकडे सूर काढायच्या. पहिल्या बाकावरच्या शिंपीणकाकू म्हणायच्या, "संसार करावा तर असा! एकमेकांचं तोंड दिसत नाही, म्हणून सूर टिकलाय." शिंपीणकाकूंच्या जिभेला हाड नव्हतं, पण खोटं बोलायचा त्यांना भारी कंटाळा.

काकांचं पुस्तकं बांधायचं दुकान होतं. भात्याचं चामडं फाटलं की ठिगळ लावायला त्यांनाच बोलवायचे. एकदा असेच ठिगळ लावायला गेले आणि दांडा हातात आला तो आलाच. सरस विकत घेणाऱ्या माणसाला काम चिकटायला वेळ लागत नाही, हेही शिंपीणकाकूंचंच.

चर्चची मंडळी लहान होती. ल्यूथरन पंथाची मंडळी, आजोबा-पणजोबांपासून त्याच बाकांवर बसणारी, तीच गीतं गाणारी. आठवडाभर एकमेकांशी धड न बोलणारी माणसं रविवारी गायला उभी राहिली की एका जिवाची व्हायची. आणि गायची कशी, तर सावकाश. इतकी सावकाश की एखाद्या ओळीच्या सुरुवातीला माणसाने मनातल्या मनात घरी जावं, चुलीवरचं दूध उतरवावं आणि ओळ संपायच्या आत परत येऊन उभं राहावं. बाहेरून आलेले पाहुणे हसायचे. हसोत बापडे. त्या गाण्यात शिरलेल्या माणसाला बाहेर यायची घाई नसायची.

काकांना तर ते गाणं फळ्यांतून गाळून मिळायचं. शब्द पलीकडेच राहायचे, आत यायचा तो नुसता सूर. खोलीला खिडकी नव्हती. फटींतून उजेडाच्या बारीक पट्ट्या यायच्या, त्यांत धूळ तरंगायची. दांडा वर, दांडा खाली. भाता झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा फुगायचा, बसायचा, आणि थोड्या वेळाने काकांना कळेनासं व्हायचं, आपण भात्याला श्वास देतोय की तो आपल्याला. मग वाटायचं, हा वारा नळ्यांतून वर जातोय, तिथून माणसांच्या तोंडात, तोंडातून छपराला लागून परत खाली, पुन्हा भात्यात. सगळं चर्चच एक मोठा ऊर आहे आणि आपण त्याच्या आत उभे आहोत. भिंती हलतायत, उजेड हलतोय. त्या सुरात मग एक जास्तीचा आवाज मिसळायचा. मधल्या पट्टीतला, जरासा नाकातला, ओळ संपली तरी क्षणभर मागे रेंगाळणारा. लेकीचा.

काका डोळे उघडायचे नाहीत. हातही थांबवायचे नाहीत. हात थांबला तर वारा जाईल, वारा गेला की गाणं जाईल, आणि गाणं गेलं की तीही.

एकुलती एक लेक. शिक्षण संपवून नुकती नोकरीला लागली होती. ताप आला, उतरला, पुन्हा आला आणि तिला घेऊन गेला. अंत्यविधीच्या दिवशी काका सवयीने खोलीत जाऊन उभे राहिले आणि बाई सवयीने ऑर्गनवर बसल्या. त्यांना कोणी नको म्हटलं नाही, कारण दुसऱ्या कोणाला दोन्हींतलं काहीच येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी त्या दोघांशी काय बोलावं हेही कोणाला येत नव्हतं.

या मंडळीत शेवटचं गीत चालू असताना शवपेटीवर झाकण लावायची पद्धत. झाकण लावतात, मग खांदेकरी पेटी उचलतात. गीत मोठं होतं. काका दांडा दाबत राहिले. गीत संपलं, ते खोलीबाहेर आले, तर झाकण लागून पेटी दारापर्यंत पोचलेली. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तिचं तोंड शेवटचं पाहिलं. कोपऱ्यावरच्या दूधवाल्याने पाहिलं. बापाने पाहिलं नाही.

माणूस थोडा दुखावला तर शिव्या देतो. फार दुखावला तर जेवण सोडतो. काकांनी त्या दिवशी खोलीत परत जाऊन, दांड्यावर हात ठेवून देवाला सांगितलं, "तुझंच काम करत होतो मी. तुझंच! आणि तेवढ्यात तू झाकण लावून घेतलंस. वारा देत राहीन, तो या माणसांसाठी. पण यापुढे तुझ्या घरचं पाणी पिणार नाही." बोलले आणि पाळलंही.

पाळायला अवघड गेलं नाही, त्याचं कारण उपासनेची रीतच तशी होती. महिन्यातून एकदा प्रभुभोजन असायचं, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण. एकेका बाकावरची माणसं वेदीपुढच्या कठड्याशी जाऊन गुडघे टेकायची. पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, प्रत्येकाच्या तळहातावर भाकरीची पातळ पांढरी चकती ठेवायचे, मागून द्राक्षारसाचा प्याला ओठांना लावायचे. आणि पहिल्या माणसापासून शेवटच्या माणसापर्यंत बाकांवर गाणं चालूच. गाणं चालू म्हणजे ऑर्गन चालू, ऑर्गन चालू म्हणजे भाता चालू. सगळ्यांचं झालं की पाळक ताट आणि प्याला घेऊन आधी ऑर्गनपाशी बाईंकडे जायचे, मग खोलीच्या दाराशी काकांकडे.

लेक गेल्यानंतरच्या पहिल्या भोजनाला थोरल्या पाळकांनी दार उघडलं. काकांनी मान हलवली. "पुढच्या वेळी," म्हणाले. पुढच्या वेळीही तेच म्हणाले. थोरले पाळक स्वभावाने भिडस्त, माशीलाही 'हूट' न म्हणणारे. त्यांनी दार उघडायचं सोडून दिलं. घरी बाईंनी विचारलं होतं, "तुम्हाला मिळालं ना हो आत?" काका "हो" म्हणाले. आता एकदा असा 'हो' म्हटला की तो जन्मभर पोसावा लागतो. बाईंनी पुन्हा विचारलं नाही आणि काकांनी आपणहून सांगितलं नाही. अळीमिळी गुपचिळी. वर्षं गेली.

खोलीत उभ्या उभ्या काकांना फक्त पावलं ऐकू यायची. पाळकांची पावलं ऑर्गनपाशी यायची, थांबायची, परत फिरायची. चला, हिचं झालं, आता शेवटचं कडवं, एवढं त्यावरून समजायचं.

मग थोरले पाळक निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी आले धाकटे. अंगाने काडी, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा, आणि प्रश्न विचारून उत्तराची खरोखर वाट पाहायची वाईट खोड. सगळ्या लहान मंडळ्यांची आत्मिक प्रकृती कशी आहे, अशी म्हणे वरून विचारणा झाली होती. दुसरा कोणी असता तर 'उत्तम' असं कळवून मोकळा झाला असता. हे निघाले घरोघर विचारत.

"आत्मिक प्रकृती?" शिंपीणकाकू शिवणयंत्राचं चाक थांबवून म्हणाल्या. "मग जीभ दाखवू का?"

"जीभ सगळ्या मंडळीने पाहिलीय," धाकटे पाळक म्हणाले, आणि शिंपीणकाकूंना माणूस तिथल्या तिथे आवडला.

काकांच्या घरी ते आले तेव्हा बाई चहा ठेवायला आत गेल्या होत्या. काकांनी विचारायच्या आत सांगून टाकलं, "ठणठणीत आहे. कशाची तक्रार नाही."

पाळकांनी चष्मा वर ढकलला. "बरं वाटलं ऐकून," म्हणाले, पण पेन खिशातून काढलंच नाही. चहा होईपर्यंत भिंतीवरचा लेकीचा फोटो पाहत बसले. जाताना दारात चपला घालत म्हणाले, "काका, इथे येऊन मला एवढे महिने झाले, पण तुम्हाला गाताना मी अजून पाहिलं नाही."

"मी दिसत नसतो," काका म्हणाले.

"तेच म्हणतोय."

त्यानंतरच्या रविवारी आशीर्वादाआधी सूचना झाली. शहरातल्या मोठ्या मंडळीने नवा ऑर्गन बसवला होता. जुन्याला वारा देणारी विजेची मोटर त्यांच्याकडे पडून होती, ती ते देतायत. "पुढच्या प्रभुभोजनापर्यंत बसवून होईल," पाळक म्हणाले. "मग आपल्या बाइंडरकाकांना इतक्या वर्षांनी आपल्यात बसता येईल."

टाळ्या वाजल्या. चर्चमध्ये टाळ्या वाजवत नाहीत, तरी वाजल्या. माणसं खोलीच्या दाराशी येऊन काकांचा हात हातात घेऊन गेली. सुटलात! आता आराम करा! काका हसत होते, कडू काढा पिऊन पाहुण्यांसमोर हसावं तसे. कारण गोष्ट सरळ होती. बाकावर बसायचं म्हणजे भोजनाच्या वेळी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एकतर उठायचं, नाहीतर बसून राहायचं. उठावं तर ज्याच्याशी बोलणं टाकलंय त्याच्याच घरी जाऊन जेवायचं. असला लबाडपणा काकांच्या हातून झाला नसता. बसून राहावं तर बाईंना कळणार की इतकी वर्षं आपला नवरा आपल्याशी खोटं बोलला. इकडे आड, तिकडे विहीर.

त्यांनी हातपाय मारून पाहिले. "मोटर घरघर करते हो, उपासनेत बरं दिसेल का?"

"घोंगडीत गुंडाळू," पाळक म्हणाले.

"वीज गेली तर?"

"तुम्ही आहातच की."

भोजनाच्या आदल्या दिवशी मोटर बसली. वायरमन हात पुसून निघून गेला. काका एकटेच खोलीत होते, दांड्याला उगाच फडकं मारत. पाळक दार वाकून आत आले आणि भात्याच्या कडेवर बसले. दोन माणसं त्या खोलीत म्हणजे फारच झाली. गुडघ्याला गुडघा लागत होता.

"काका, माझं काही चुकतंय का?" त्यांनी विचारलं. आणि ती खोड, ते उत्तराची वाट पाहू लागले.

काकांनी फडकं घडी केलं. पुन्हा उलगडलं. मग एकदाचं बोलून टाकलं. पेटीचं, झाकणाचं, पाण्याचं. बोलता बोलता आवाज चढला. "मी त्याच्याशी बोलत नाही. त्याने मला इथे कोंडून ठेवलं आणि पलीकडे माझी पोर झाकली. बापाला वळून बघू दिलं नाही! मी का जाऊ त्याच्याकडे जेवायला? तोंड पुसून? तुम्ही जाल का?"

धाकट्या पाळकांनी देवाची वकिली केली नाही. काकांना त्यातल्या त्यात तेवढं बरं वाटलं.

"नाही सांगता येत," ते म्हणाले. "एक मात्र सांगतो. तुम्हाला वाटतं, आधी भांडण मिटावं, मग जेवायला बसावं. आमच्या घरी उलटं होतं. कोणी रुसलं तर आई ताट वाढून ठेवायची. रुसवा काढून ये असं कधी म्हणाली नाही. रुसलेल्याचं ताट उचलून ठेवायचं नसतं म्हणायची. या वेदीवरचं ताटही मला तसंच वाटतं. ज्यांचं सगळं ठीक आहे त्यांना ते लागतं कशाला?"

"म्हणजे रागातच यायचं?"

"राग घरी कुठे ठेवून येणार? आला तर तुमच्याबरोबरच येईल."

पाळक उठले, डोकं दाराला आपटलं, "आई गं" म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी बाई इस्त्री करत होत्या. काकांचा पांढरा शर्ट. "कॉलर बघा कशी झालीय," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं कोणाला दिसत नव्हती म्हणून चाललं. उद्या सगळ्यांत बसायचंय."

"अगं," काका म्हणाले.

बाईंनी इस्त्री उभी केली. वळल्या. "काय?"

सांगायचं होतं. जिभेवर आलं होतं. बाई वाट पाहत होत्या, शर्टाच्या बाहीवर हात ठेवून, नुसत्या पाहत होत्या, आणि तेवढ्यात काकांचा धीर सुटला. "काही नाही. बटण बघ तेवढं."

"बटण ठीक आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी इस्त्री परत उचलली.

रात्रभर काका भाता दाबत होते. झोपेत. दांडा वर, दांडा खाली, आणि भात्यातून वाऱ्याऐवजी पाणी येत होतं. निवळ, गार पाणी, फळ्यांच्या फटींतून खोलीत झिरपत होतं. पलीकडे कोणीतरी पेले मांडत होतं. एकेक पेला ठेवल्याचा आवाज येत होता, आणि काकांना घशाला कोरड पडली होती, पण हात सुटत नव्हता.

सकाळी चर्चमध्ये शिंपीणकाकूंनी त्यांना बाकाची कड दाखवली. "ही तुमची जागा."

"माझी कुठली?"

"खोलीत शिरायच्या आधी इथेच बसायचात की. कोणी घेतली नाही." या मंडळीत मेलेल्यांच्या जागाही कोणी पटकन घेत नसे, हे तर जिवंत होते.

उपासना सुरू झाली आणि काकांना शब्द ऐकू आले. इतकी वर्षं नुसता सूर, आणि आज शब्द, एकेक, सावकाश, कोणीतरी हातात आणून ठेवावेत तसे. खिडक्यांतून उजेड खाली येत होता आणि त्या उजेडात माणसांची डोकी होती, टकलं, वेण्या, पांढरे केस. ही सगळी माणसं एवढी म्हातारी कधी झाली? गाणं इतक्या जवळून चाललं होतं की आपण गातोय की ऐकतोय ते समजेना. मांडीवर त्यांचा उजवा हात वर-खाली, वर-खाली होत होता. शिंपीणकाकूंनी त्यावर आपला हात ठेवला. "सोडा आता," त्या पुटपुटल्या. "येतोय वारा."

मग भोजन. बाई हळुवार गीत वाजवत होत्या. मागच्या बाकापासून एकेक बाक उठला, गेला, परत आला. पहिल्या बाकाची पाळी आली. शिंपीणकाकू काकांच्या गुडघ्यांपुढून अंग चोरून गेल्या, आल्या, बसल्या. काका बाकाची कड धरून बसून होते. कान तापले होते. आता बाई वळून बघतील, आता बघतील. पण बाईंची पाठच दिसत होती.

शेवटचा माणूस जागेवर आला. धाकटे पाळक ताट आणि प्याला घेऊन ऑर्गनकडे निघाले. ती पावलं काकांच्या ओळखीची होती; थोरल्यांची असोत की धाकट्यांची, तेवढीच फरशी. पण काका ती आज पहिल्यांदा पाहत होते. पाळक बाईंपाशी जाऊन थांबले. त्यांनी चकती पुढे केली.

बाईंनी मान हलवली. नाही. बोटं वाजवतच होती. पाळकांनी मान लववली आणि ते परत फिरले.

"काय झालं?" काकांनी शिंपीणकाकूंचं मनगटच धरलं. "तिने घेतलं का नाही?"

"त्या कुठे घेतात?"

"कुठे घेतात म्हणजे?"

शिंपीणकाकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या त्या तिखट चेहऱ्यावर एकदम काही तिखट राहिलं नाही. "अहो, पोर गेल्यापासून नाही. तुमचं 'पुढच्या वेळी' त्यांनी फळ्यांतून ऐकलं होतं. थोरल्या पाळकांना सांगितलं त्यांनी, आमचे हे आत उपाशी असताना माझ्या घशाखाली उतरणार नाही. ते घेतील तेव्हा मी. सगळ्यांना ठाऊक आहे."

"मला नाही!"

"तुम्ही आत होतात ना."

"मग मला सांगितलं का नाही कोणी?"

"सांगाल तर याद राखा म्हणाल्या. दटावून जेवायला बसवायचं नाही माणसाला, म्हणाल्या. आपणहून येईल तेव्हा येईल."

मोटर आपल्याला हे दिसावं म्हणून आली, ते आत्ता काकांच्या डोक्यात शिरत होतं, पण ते जाऊ दे. ते बायकोच्या पाठीकडे पाहत होते. लेक तिचीही होती. झाकण लागलं तेव्हा तीही अशीच पाठमोरी होती, हात अडकलेले, मागे वळता न येणारी. हे इतक्या वर्षांत त्यांच्या मनाला एकदाही शिवलं नव्हतं! सगळा राग स्वतःपुरता, सगळं दुःख स्वतःच्या खोलीतलं. तिचं देवाशी भांडण नव्हतं. तिला भूक होती. दर महिन्याला ताट समोर येत होतं आणि ती भुकेली बाई, भिंतीपलीकडच्या हट्टी माणसासाठी, नाही म्हणत होती. काकांना स्वतःची इतकी लाज वाटली की बसवेना.

वेदीपाशी पाळक ताटावर पांढरं फडकं पसरत होते.

"थांबा!" काका म्हणाले. मोठ्याने म्हणाले, उपासनेत असं कोणी ओरडत नाही. ते उठले, पण वेदीकडे गेले नाहीत. ऑर्गनकडे गेले. बाईंच्या शेजारी जाऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत वाजवताना तिचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. ओठ घट्ट मिटलेले होते.

"अगं, चल," ते म्हणाले.

बाईंनी मान वर केली. डोळे भरले होते, पण बोटं पट्ट्यांवरच. "गाणं चाललंय हो."

"चालू दे. त्यांना येतं."

बाईंनी हात उचलले. ऑर्गन थांबला. क्षणभर माणसांचे आवाज डगमगले, अंधारात पायरी चुकावी तसे, आणि मग सावरले. शिंपीणकाकूंचा आवाज सगळ्यांत आधी उचलला गेला, मागून बाकीचे. मोटर घोंगडीत गुरगुरत राहिली. तिचा वारा कोणाला नको होता. मंडळी आपल्याच श्वासावर गात होती, कधी नव्हे इतकी सावकाश, त्या दोघांची चाल धिमी आहे हे ओळखून.

दोघं कठड्याशी गुडघे टेकून बसले. काकांच्या गुडघ्यांनी तक्रार केली. पाळक समोर आले, तर काका हलक्या आवाजात म्हणाले, "मी अजून रुसलेलाच आहे, बरं का. माझं काही मिटलेलं नाही."

"बरं," पाळक म्हणाले.

"आणि आधी हिला द्या. ही केव्हाची उपाशी आहे."

"काही नको," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "आधी त्यांना. पुन्हा उठून गेले तर काय करू मी?"

"जात नाही ग."

"तुमचा भरवसा नाही."

धाकट्या पाळकांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता, पण तो सावरायला हात मोकळा नव्हता. त्यांनी ताटातली चकती उचलली, मधोमध मोडली आणि एकाच वेळी अर्धी काकांच्या, अर्धी बाईंच्या तळहातावर ठेवली. "तुमच्यासाठी," ते म्हणाले.

लेक गेल्यापासून तिथे दोघं पहिल्यांदा बरोबर जेवले.